रांगेतला शेवटचा हंडा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याशी वाद घालायची माझी खोड गेलेली नाही. फक्त हल्ली दर वेळी तूच जिंकतेस.

वैजापूर तालुक्यातल्या त्या उपकेंद्रात तू नर्सबाई होतीस आणि मी डॉक्टरकी शिकताना सुट्टीत आले होते. दुष्काळाचं वर्ष. लसीकरणाच्या दिवशी तू उपकेंद्राला कुलूप लावलंस, लसीचा डबा खांद्याला अडकवलास आणि टँकर यायचा तिथं लिंबाखाली जाऊन बसलीस. मला लाज वाटली. धुरळ्यात, भांड्यांच्या खडखडाटात कुणी लस देतं का? तसं मी बोललेही. तू सुईवरची नजर न काढता म्हणालीस, "बाया हंडा सोडून तुझ्या खोलीत येतील व्हय? शिकलीस लई, पण तहानलेली बाई नाय बघितली तू." चारचौघींत बोललीस, मला राग आला. हंडे आपापला नंबर धरून रांगेत उभे होते आणि बाया लेकरं घेऊन तुझ्याभोवती. लस दिल्यावर अर्धा तास लेकरावर नजर ठेवायची असते. टँकरची वाट बघण्यात तो आपोआप सरायचा. तुझाही एक हंडा त्या रांगेत होता, सगळ्यात शेवटी. का, ते मी विचारलं नाही.

आता शहरात, मुकुंदवाडी स्टेशनपलीकडच्या एका वस्तीतलं आरोग्य केंद्र मी बघते. शहर पसरत गेलं, पाणी मागं राहिलं. मी लसीकरणाला बुधवार ठरवला होता. पंखा, खुर्च्या, भिंतीवर चित्रं, सगळं झकास. बाया येईनात. अडाणी आहेत, असं म्हणून मी मोकळी झाले. मग वस्तीतली दीड वर्षाची एक मुलगी गोवरानं फणफणून आली. तिच्या आईला मी झापलं. ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं टँकर बुधवारीच येतो. पाणी भरू का पोरीला सुई टोचून आणू?" पोरगी वाचली. पण तिच्या खाटेशी उभं राहताना मला स्वतःची चीड आली.

पुढच्या बुधवारी मी डबा घेऊन टँकरच्या जागी गेले. बाया लांबच उभ्या. "टोचून निघून जाल, मग लेकराला ताप आला तर कुणाला विचारावं?" मी रिक्षा करून घरी गेले, हंडा आणला आणि रांगेत सगळ्यात शेवटी ठेवला. एक म्हातारी हसली. "आता मॅडम सगळ्यांचं भरल्याबिगर हलत नाय. आणा गं लेकरं." तेव्हा कुठं मला तुझी युक्ती कळली. आता त्या वस्तीतलं एकही लेकरू लसीवाचून राहिलेलं नाही, आणि बाकीच्या वस्त्यांचे वारही पाण्याच्या पाळीवर बसवायचं काम माझ्याकडे आलंय. जमेल मला, छाती ठोकून सांगते.

हे पत्र मी घडी करून कपाटात ठेवणार. तुझा पत्ता नाही, ही सबब झाली. काल बैठकीत मोठ्या साहेबांनी कौतुकानं विचारलं, "हे सुचलं कुणाला?" आणि आई, मी म्हणाले, मला.