पसंत न पडलेले किनारे

आबा, काल दुपारी धाकट्या आईनं एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून तुमच्याशी भांडावंसं वाटतं आहे. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. माझंच वय पन्नाशीला टेकलं. गेलेल्या माणसाशी वाद घालू नये असं गावच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं, आणि मी ते आजवर पाळलं. पण आज नाही पाळवत.

लढाई संपल्यावर तुमच्या पलटणीला इटलीत समुद्राकाठच्या एका गावी विश्रांतीला ठेवलं होतं. तिथल्या समुद्राचं नाव एड्रियाटिक, आणि हा शब्द कल्याणच्या आपल्या चाळीत तुम्हीच आणलात. श्रीमंत लोक उन्हाळ्यात हवा खायला यायचे असं ते गाव. तिथं तीन किनारे. एक वाळूचा, एक गुळगुळीत गोट्यांचा, आणि एक खडकांचा, त्याच्यावर सुरूसारख्या उंच झाडांची सावली. साहेबानं विचारलं, ‘नाईक, जवानांच्या अंघोळीला कुठला बरा?’ तुम्ही तिन्ही ठिकाणी स्वतः पाण्यात उतरलात आणि गोट्यांचा निवडलात. वाळू कपड्यांत जाते, खडकावर पाय घसरतो, गोट्यांवरचं पाणी मात्र तळ दाखवतं. गॅलरीत बसून हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा. सगळी नोकरी हुकूम पाळण्यात गेलेल्या माणसाला त्या एका सकाळी कुणीतरी मत विचारलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तुम्ही तिकडे होतात तेव्हा आई आणि मी गावी. आईनं समुद्र पाहिलेला नव्हता. एवढंच ठाऊक होतं, की तुम्ही त्याच्यावरून गेलात आणि यायचं झालं तर त्याच्यावरूनच येणार. देवळात तिच्याशेजारी उभं राहून मी तिचा नवस ऐकला आहे. ‘समिंदरा, माझ्या धन्याला माघारी आण. जोडीनं येऊन तुला नारळ वाहीन.’ तुम्ही आलात. तुम्हाला शहाडला पहारेकऱ्याची नोकरी लागली, आपण कल्याणला खोली घेतली. समुद्र आता एका दिवसात जाऊन येण्याइतका जवळ होता.

नारळी पौर्णिमा येते. आई सकाळीच नारळ आणून देवाजवळ ठेवते. ‘आवं, न्हेताय न्हवं?’ तुम्ही दाढी करता करता आरशातच बघता. ‘चौपाटीला? तिथं समुद्र कुठाय, नुसती गर्दी. तुला चांगला दाखवतो. एकदाच बघायचा तर नीट बघावा.’

‘समिंदर त्यो समिंदर. त्यात निवडायचं काय?’

‘तुला नाही कळायचं.’

संध्याकाळी तोच नारळ फोडून ती भातात घालते, आणि नवसाचा नारळ घरात खाल्ला म्हणून कान धरून देवाची क्षमा मागते. पुढच्या वर्षी पुन्हा नवा नारळ.

तुम्ही नुसती टाळाटाळ करत होतात असंही नव्हतं. तेच तर मला सलतं. सुटीच्या दिवशी डबा घेऊन तुम्ही किनारे बघायला जायचात, एकटे. जुहूला जाऊन आलात, उतार पसंत पडला नाही. अर्नाळ्याला जाऊन आलात, म्हणालात, मासळी वाळत घालतात, वास येतो. शेजारचे मास्तर गॅलरीतून विचारायचे, ‘काय नाईक, जमला का सौदा? समुद्र विकतच घ्यायचा दिसतोय!’ सगळी चाळ हसायची. सुरुवातीला आईही हसायची, जरा अभिमानानंच. आपल्यासाठी माणूस एवढी पायपीट करतो आहे. पुढे पुढे तुम्ही परत आलात की ती नुसता डबा घासायला घ्यायची. तिच्यासाठी समुद्र शोधता शोधता तुम्ही तो इतक्या वेळा पाहून आलात, आबा, आणि तिनं एकदाही नाही.

मी कमावता झालो तेव्हा म्हटलं, ‘आई, मी नेतो तुला.’ ती म्हणाली, ‘नवस जोडीनं बोललेय. तुझ्यासंगं जाऊन काय फेडू? ते न्हेतील. बघतायत की.’

मग एका भाद्रपदात तिला ताप आला, आणि गेली ती. तुम्ही तिची राख शहाडला उल्हास नदीत सोडलीत. मी म्हटलं, निदान आता तरी समुद्रावर जाऊ. तुम्ही पाण्याकडे बघत म्हणालात, ‘नदी खाडीला मिळते. पोचेल ती.’

वर्ष फिरायच्या आत धाकटी आई आली. त्याचा राग मी धरला नाही. घरात बाई हवी, असं सगळेच म्हणत होते. ती ठाण्यात टेंभी नाक्याजवळ वाढलेली, बोलायला फटकळ. एका रविवारी संध्याकाळी तुम्ही दोघं घरी आलात. तिच्या लुगड्याचा काठ ओला, तुमच्या हातात चण्यांची पुडी. मी विचारलं, कुठं गेला होता? ‘चौपाटीला,’ तुम्ही म्हणालात आणि पुडी माझ्यापुढं धरलीत. इतकं सहज. जो किनारा आईच्या लायकीचा नव्हता, तो हिला चालला. मी चणे घेतले नाहीत. त्यानंतर तुमच्याशी बोललो ते कामापुरतं, आणि तुम्ही गेलात तेव्हाही तेच चाललं होतं.

काल दुपारी धाकटी आई वाल सोलत बसली होती. कशावरून तरी चौपाटीचा विषय निघाला. मी म्हटलं, तुला तरी नेलं त्यांनी. ती हसायलाच लागली. ‘अरे, ते कसले नेतायत! मीच म्हटलं, रविवार आहे, जाऊ या. तर लागले सांगायला, तिथलं पाणी असं न् वाळू तशी, थांब, चांगला बघतो. मी चपला घातल्या न् जिना उतरले. कोपऱ्यावर वळून बघते तर मागून येतायत!’ नवसाचं तिला ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही.

म्हणजे तुम्ही हिलाही तेच सांगितलं होतंत. जी तुमच्या शब्दावर विसंबली ती राहिली, आणि जिनं तो ऐकलाच नाही ती जाऊन आली. हे कळून तुमच्यावरचा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. मागून येणं तुम्हाला जमत होतं, म्हणजे न्यायलाही जमलं असतं.

पण आज सकाळी पूजेला बसलो आणि आईच्या तसबिरीला फूल वाहताना हात थांबला. मला तिचाही राग आला होता. एकदा तरी तू जिना उतरायचा होतास, असं मनात आलं. फूल वाहिलं, पण रोजच्यासारखे डोळे मिटून उभं राहता आलं नाही. हे तिच्यापुढं बोलायची माझी छाती नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं.