पहिली वेलांटी

मंगळवार, ११ मार्च, दुपारचे साडेतीन

प्रिय ताई,

कारखान्याच्या मागच्या खोलीत परत आलेल्या साबणाच्या खोक्यांवरची धूळ पुसत होतो. पुसून उपयोग नाही, हे मला माहीत आहे. पण हात रिकामे राहिले की तुझा जास्त राग येतो. शेवटी फडकं ठेवलं आणि लिहायला बसलो.

अगं, मी आठवीत शाळा सोडली, तू पदवी घेतलीस, तरी तुला ऱ्हस्व-दीर्घ कधी कळलंच नाही! तुमच्या मोर्च्यावर लाठ्या पडल्या तेव्हा धरलेल्या माणसांना कोंबून न्यायला पोलिसांना गाड्या पुरवल्या त्या बड्या 'सुनीती' साबण कंपनीने. त्यांच्या नावात नी दीर्घ, दुसरी वेलांटी. आमच्या कारखान्याच्या मालकांचा, म्हणजे काकांचा, साबण 'सुनिती', पहिली वेलांटी. काकांनी नोंदणी करतानाच चूक केली आणि तीच ठशावर कोरली गेली. आणि तुझ्या पत्रकात काय? 'सुनिती साबण घेऊ नका.' पाय प्लास्टरमध्ये, अंग सुजलेलं, मैत्रिणीकडे पडून लिहिलंस, सगळं मान्य. पण शब्द तपासायला पाय लागत नाही.

यापूर्वी तुम्ही बहिष्काराची पत्रकं वाटलीत, तेव्हा शेजारच्या शिवणकामवाल्या मावशींनी त्या कागदांच्या मागच्या बाजूला ब्लाऊजची मापं लिहिली होती. तुला मार बसल्यापासून त्याच मावशी दुकानदाराशी भांडतात. म्हणतात, रस्त्यावर उतरले तर हाडं मोडतील, पण हा साबण नको म्हणायला मला कोण अडवतंय? गल्लीभर हेच. मोर्च्याच्या दिवशी खिडक्या लावून बसलेले लोक आता दुकानात छाती पुढे काढून उभे राहतात. आणि नेतात काय? दुकानदार पत्रक पुढे करतो, हे बघा, बंदी पहिल्या वेलांटीवर आहे, ही दुसरी, ही चालते. बड्या कंपनीचा माल हातोहात खपतोय आणि आमची खोकी परत येताहेत. मावशींना समजवायला गेलो, तर मलाच सुनावलं, तू तिथला नोकर, तू असंच बोलणार, बहिणीने मार खाल्लाय याची तरी लाज बाळग. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

तीच चुकीची वेलांटी आमच्या खोक्यांवर, म्हणून पत्रक लिहिणारा शोधत परवा हवालदार ते हाताने लिहिलेलं पत्रक घेऊन आला. आम्हा सगळ्यांना ओळीने बसवून तो शब्द लिहायला लावला. वड्या गुंडाळणाऱ्या बायकांनी खोक्यावर बघून पहिली वेलांटी काढली. मी सवयीने दुसरी काढली, मग बाकीच्यांची पहिली बघून घाबरलो, खोडली, पहिली केली, आणि खाडाखोड बघून आता हा मलाच उचलणार म्हणून घामाघूम झालो. तो म्हणाला, सगळेच अडाणी भरलेत इथे. मग काकांना विचारलं, हे अक्षर ओळखता का? काकांनी चष्मा पुसला, कागद दूर धरला, जवळ धरला आणि म्हणाले, साहेब, माझंच शुद्धलेखन कच्चं, मी काय सांगणार? ताई, सुट्टीत त्यांच्या खोक्यांवर पत्ते तूच लिहायचीस. तुझं अक्षर त्यांना अंधारातही ओळखू येईल.

काल तुझी मैत्रीण निरोप घेऊन आली. तुला चूक कळली आहे, स्वतःच्या सहीने दुरुस्तीचं पत्रक काढणार आहेस आणि काकांची माफी मागायला इथे येणार आहेस म्हणे. ते थांबवायला हे पत्र. येऊ नकोस. सही तर मुळीच नको. समोरच्या टपरीवर एक अनोळखी माणूस सकाळपासून एकच पेपर वाचतो आहे. तुझा निरोप मी काकांना सांगितला. त्यांनी नुसतं हो म्हटलं असतं तरी कारखाना वाचला असता. पण ते कानस घेऊन बसले आणि ठशावरचं नाव घासू लागले. सुनिती त्यांच्या बायकोचं नाव होतं, हे घासता घासता त्यांनीच सांगितलं, मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. शेवटचं अक्षर गेल्यावर ठसा फुंकून म्हणाले, बिननावाचा विकू, पोरीला म्हणावं, आहेस तिथेच राहा.

तुझाच,
धाकटा