बोटीच्या छपरावरच्या गोधड्या

तीर्थरूप दादास धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? वहिनी म्हणाली, तू हल्ली वाकतोस कमी आणि ओरडतोस जास्त. म्हणजे प्रकृती मूळपदावर येत असावी.

इकडे आम्ही मजेत. नदीच्या या काठावरून त्या काठाला माणसं नेणारी आमची बोट आता उन्हावर चालते. डिझेलचं इंजिन काढलं, छपरावर सोलर पॅनल बसवले, खाली बॅटऱ्या ठेवल्या. (जोडणी ह्यांनी स्वतः केली. मी लांब उभी होते.) बोट इतकी गुपचूप चालते की पाण्यातल्या म्हशी बाजूलाच होत नाहीत.

परवा दुपारी नर्सबाई धावत आल्या. पलीकडे एक बाई अडली होती. आम्ही लगेच निघालो आणि ऐन मधोमध मोटरनं मान टाकली. ह्यांनी वायरी हलवल्या, बॅटऱ्यांना थोपटलं, शेवटी माझ्याकडे रागानं पाहिलं. (घरात काहीही बंद पडलं की पहिली तपासणी हीच असते.) तेवढ्यात नर्सबाई वर बघून म्हणाल्या, "छपरावर कोण निजलंय?"

सासूबाईंच्या गोधड्या! एवढं मोकळं ऊन दुसरीकडे नाही म्हणून त्यांनी पहाटेच पॅनलभर वाळत घातलेल्या. सकाळपासून आमच्या फेऱ्या चालू, बॅटऱ्या रिकाम्या होतायत आणि वरून थेंबभर वीज उतरत नाहीये. काठावरून लोक हात करत होते, तर आम्हाला वाटलं, कौतुक चाललंय!

मी पदर खोचून छपरावर चढले आणि गोधड्या भिरकावल्या. (एक ह्यांच्या डोक्यावर पडली, मुद्दाम नाही.) नर्सबाईंनी एक वल्हं घेतलं, ह्यांनी दुसरं. जरा वेळानं मोटर कण्हली आणि हळूहळू फिरायला लागली. पोचलो एकदाचे. मुलगी झाली, दोघी सुखरूप. परतायच्या वेळेपर्यंत बॅटऱ्यांत पुरेशी वीज साठली होती. निघाल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "ऐका." इंजिनाची धडधड नव्हती ना, बाळाचं रडणं पार नदीच्या मध्यापर्यंत ऐकू येत होतं.

तुझी,
धाकटी

ता. क. बाकी सगळं उत्तम. फक्त भोंगा दाबला की दिवा लागतो आणि दिवा लावला की भोंगा वाजतो. अंधार पडला की आम्ही दोन्ही काठांना जागं करत जातो. हत्यारं घेऊन ये. सहज आल्यासारखा ये. ह्यांना सांगितलेलं नाही. "वीज मला कळते," म्हणतात.

आणखी एक ता. क. अक्षर वेगळं दिसेल, कारण हे मी लिहितोय. पत्र पेटीत टाकायला हिनं माझ्याकडेच दिलं. वीज मला कळते. भोंगा कळत नाही. लवकर या.