यासीन कधी वाचायची

अम्मी,

तुला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मुद्दाम मराठीत लिहितेय. घरच्या बोलीत लिहिलं असतं तर अदब सांभाळावी लागली असती, आणि आज मला ती सांभाळायची नाही. मी चिडलेय, आणि तुझ्यावरच चिडलेय. शेजारच्या तालुक्यातल्या गोरेगावच्या शाळेतून रजा टाकून भावाकडे, सडक अर्जुनीला येऊन राहिलेय. तुझा ट्रकवाला लेक, जो ईदेलाही घरात सापडायचा नाही, तो आता खाटेवरून उठत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी हृदयाची औषधं बदलली, घरी न्या म्हणाले, आणि पुढे काय ते कुणीच धड सांगितलं नाही. हायवेवर हॉर्न वाजला की तो गाडी ओळखायला जातो, आणि तेवढ्यानेही दमून डोळे मिटतो.

आल्या दिवशी मी तेच केलं जे तू शिकवलंस. हातपाय-तोंड धुऊन वजू केला, त्याच्या उशाशी बसले आणि कुराणातली सूरह यासीन सुरू केली. भाभी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. माझा आवाज ऐकला आणि सूप तसंच टाकून धावत आली. "बाजी, ये यहाँ मत पढ़ो. अभी वो वक्त नहीं आया." मला आधी कळेचना. मग समजलं. तिच्या माहेरी, राजनांदगावकडे, यासीन फक्त शेवटच्या श्वासाला अडकलेल्या माणसाजवळ पढतात. घरातून तो आवाज आला की शेजारचे लोक कामं टाकून येतात आणि दारात चपलांचा ढीग लागतो. मी तिला समजावलं, जसं वर्गात चौथीच्या पोरांना समजावते तसं. ती मान हलवत राहिली आणि माझ्या हातातलं कुराण अलगद काढून घेऊन फळीवर ठेवून आली.

तेव्हापासून मला सारखी तू दिसतेस. ओसरीत बसली आहेस, मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. बोटं विडी वळतायत आणि ओठांवर यासीन चालू आहे. तंबाखूच्या हातांनी कुराणला शिवायचं नाही म्हणून तू ती तोंडपाठच करून टाकली होतीस. मी शेजारी बसून विड्यांना दोरा बांधते आहे आणि विचारते आहे, काय मिळतं गं हिच्याने? आणि तू वाण्याकडून आणायचं सामान सांगावं तशी एका दमात सांगतेस: ही कुराणचं दिल आहे, सकाळी पढली की दिवस हलका जातो, गुनाह माफ होतात, अडलेलं काम सुटतं, मनातली भीती पळते, आणि जाणाऱ्याची जान सहज निघते. मी विचारलं होतं, परीक्षेलाही हीच आणि मरणाऱ्यालाही हीच, मग तिला कसं कळतं कुणाला काय द्यायचं ते? तू कात्रीची मूठ माझ्या डोक्यात हाणलीस. "वो अल्लाह का काम है. तू अपना तलफ्फुज संभाल." झालं. एवढंच शिकवलंस. उच्चार घासून घासून स्वच्छ करून घेतलेस आणि खरा प्रश्न तसाच माझ्या गळ्यात ठेवून गेलीस.

इथे मी रोज भांडते. नातेवाईक मोबाईलवर यासीनचे फायदे पाठवतात, फुलांची चित्रं लावून. ते मी भाभीच्या नाकासमोर धरते आणि ती माझ्याकडे न बघता औषधाची पट्टी फाडते. मागल्या दारच्या मावशीही एकदा मध्ये पडल्या. त्यांची धानाची बांधी आमच्या घराला लागूनच आहे, तुला चांगल्या ओळखायच्या. म्हणाल्या, "तुमच्या मायनं हेच वाचून माह्या पोराले पानी फुकून देलतं. चांगला झाला ना तो! मंग आता कायले भांडून राहिल्या तुमी?" मला इतकं बरं वाटलं, जणू कोर्टात माझा साक्षीदार आला. पण भाभी हळूच म्हणाली, "वो बुखार था, मावशी." मावशी बांधावरून निघून गेल्या.

पहाटे मी मागच्या अंगणात बसून एकटीच पढते. पूर्वी अर्ध्यावर आलं की छातीतला गोळा विरघळायचा. शाळेतली कटकट, माझा मोडलेला संसार, सगळं मागे पडायचं. तो फायदा कुणी सांगायची गरज नव्हती, मला अंगात जाणवायचा. आता शब्द नुसते पुढे पळतात आणि मी मागे उभी राहते. अर्थ माहीत आहे आता, भाषांतर घेऊन वाचलंय, तरीही. याचा राग कुणावर काढायचा? अल्लाहवर काढायची हिंमत नाही, म्हणून तुझ्यावर काढतेय.

परवा भांडण टोकाला गेलं. मी म्हणाले, यासीन न ऐकता माझ्या भावाला काही झालं तर मी तुला माफ करणार नाही. भाभी रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "अम्मी के पास भी आप ही ने पढ़ी थी, बाजी." ती तेव्हा या घरात नवी नवरी होती. दाराशी उभी राहून तिने पाहिलं होतं. त्या दुपारची गोष्ट मी इतकी वर्षं लोकांना अभिमानाने सांगत आलेय: मी पढत गेले, तुझ्या कपाळावरच्या आठ्या सैल होत गेल्या, घरघर थांबली आणि तू शांत झालीस. लोक म्हणायचे, बघा यासीनची बरकत. भाभीने पाहिलं ते एवढंच, की पढणं संपलं आणि तू नव्हतीस.

काल भाभी औषधं आणायला मेडिकलमध्ये गेली होती. घरात आम्ही दोघंच. त्याने डोळे उघडले, खुणेने जवळ बोलावलं. "बाजी, यासीन पढ़ो ना. अम्मी जैसी पढ़ती थी वैसी." इतके दिवस मी ज्या परवानगीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं ती आपसूक हातात आली होती. अडवायलाही कुणी नव्हतं. आणि माझे ओठ उघडेनात. मी म्हणाले, घसा बसलाय रे, उद्या पढते. त्याला चमच्याने पाणी पाजलं आणि पंखा वाढवला. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

हे तुला वाचून दाखवायचं तरी कुठे? कबरस्तानात आपल्याकडच्या बायका जात नाहीत, आणि गेले असते तरी तिथे उभं राहून तुला हे म्हणाले नसते. म्हणून कागदावरच म्हणते. यासीनने फायदा होणार नाही असं मला वाटलं नव्हतं, अम्मी. काल मला वाटलं की होईल. त्याच्या कपाळावरच्या आठ्याही तुझ्यासारख्याच सैल होतील, म्हणून मी गप्प बसले.