पहिल्या तुकडीतली जागा

निलंगा,
१२ जुलै २०२६

चि. मृत्युंजय,

आम्ही सगळे बरे आहोत. पेरण्या चालू आहेत, त्यामुळे ह्यांच्या बियाण्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पोरगी भिंत धरून चालायला लागली. तुझं पुण्यात जेवणाखाण्याचं नीट असेल. फोनवर तू ‘मीटिंग आहे’ म्हणून मधेच ठेवतोस, म्हणून पत्र लिहितेय.

तू पाठवलेलं अधिकारपत्र घेऊन मागच्या मंगळवारी ह्यांच्यासोबत नांदेडला, विद्यापीठात गेले. तुझं पदवीचं सर्टिफिकेट मिळालं. नावात काही चूक नाही.

तुझा विभाग छान आहे. दाराशी नव्या कोर्सचा फलक लावलाय. बीबीए आहेच, आता शेतमाल व्यवसायाचीही पदवी निघालीय. मी तो फलक शेवटपर्यंत वाचला. बीबीए पहिल्यांदा निघालं तेव्हा पेपरातली जाहिरात मीच कापून आणली होती. आपल्या दोघांचे फॉर्मही मीच भरले होते.

तिथल्या साक्षी मॅडम पहिल्या तुकडीपासून आहेत. माझ्या आधार कार्डावर अजून माहेरचंच नाव आहे. ते वाचून त्या म्हणाल्या, “सुकन्या वीरण्णा बिराजदार? उदगीरच्या? अहो, तुमची आम्ही किती वाट बघितली! पहिल्या यादीत तिसरं नाव तुमचं.”

मी म्हणाले, “दुसरी कुणी असेल.”

त्यांनी जुनी फाईल काढली. फॉर्मवर माझाच फोटो, दोन वेण्यांचा. खाली तुझा मोबाईल नंबर, माझ्याकडं तेव्हा फोन कुठं होता.

“ह्या नंबरावर दोनदा फोन लावला होता,” मॅडम म्हणाल्या. “तिचं लग्न ठरलंय, ती येणार न्हाई, असं सांगितलं. मग तुमची जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला दिली.”

तो पहिला कोण, हे मी विचारलं नाही. समोर लिहिलेलं होतं.

मृत्युंजय, तेव्हा माझं लग्न ठरलेलं नव्हतं. तू नांदेडहून यादी बघून येऊन “अक्का, तुझं नाव न्हाई” म्हणालास, त्यानंतर अप्पांनी स्थळं बघायला घेतली. काका लोक पोरीला कशाला पाठवता म्हणत होते, तरी अप्पा सगळ्यांसमोर बोलले होते, “ज्याचं नाव लागंल ते जाईल. पोरगी असो का पोरगं.” त्यांनी शब्द मोडला असता तर त्यांच्याशी भांडले असते. त्यांनी मोडलाच नाही. त्या दिवशी मी रडत होते तेव्हा पाण्याचा तांब्या तूच आणून दिलास.

चार वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजले. इथं दुकानातलं काही सुचलं तरी बोलायची नाही. वाटायचं, आपलं तर यादीतसुद्धा नाव नव्हतं.

निघताना मॅडमना विचारलं, आता फॉर्म भरता येईल का. “येईल की,” म्हणाल्या, आणि माझ्या कडेवरच्या पोरीकडं बघून त्यांनी फाईल मिटली. घरी येऊन ह्यांना विचारलं. हे रागावले नाहीत. “बघू पुढं,” म्हणाले. ह्यांचं ‘बघू’ मला माहीत आहे.

परवा उदगीरला जाऊन सर्टिफिकेट अप्पांच्या हातात दिलं. त्यांनी आधी ते डोळ्यांना लावलं. दुपारपर्यंत काचेची फ्रेम करून आणली आणि आपल्या दुकानात गादीच्या वर टांगली. शेजारचे माणिकप्पा बघायला आले. त्यांना अप्पा म्हणाले, “पोरीचं बी नाव लागलं असतं तर दोन टांगलो असतो बघा.” मग माझ्याकडं बघून हसले.

मी आत गेले. अव्वा भाकरी करत होती. तिच्या हातातलं पीठ घेतलं आणि थापत बसले.

मी अप्पांना सांगितलं नाही. तुला वाचवायला म्हणून नाही. शब्द पाळल्याचं समाधान आहे त्या माणसाला, ते माझ्या हातून मोडवलं नाही.

येत्या पंचमीला मला न्यायला येऊ नकोस. दुसऱ्या कुणालाही पाठवू नकोस. अक्का का आली नाही, असं अप्पा विचारतील. काय सांगायचं ते तू ठरव. तुला जमतं.

सुकन्या