थांबवलेला वारा

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
७ सप्टेंबर २०२५

चिरंजीव कृष्णस्वामी यास गोदाक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. ह्यांचा गुडघा तसाच दुखतो. सौम्याला सिरुसेरीत नोकरी लागली. तुझी भाची आता घरात पाऊल टाकते तेच तमिळ बोलत. मराठी फक्त पैसे किंवा प्यायला कापी हवी असली की. काल संध्याकाळी पुन्हा वीज गेली. शेजारच्या त्रिपुरसुंदरी मामींनी गॅलरीतून विचारलं, "काय गं गोदा, वीजखात्यात आहेस ना तू?" पूर्वी मी समजावून सांगत बसायची. आता नुसती हसते.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुझ्या बायकोकडून, हरिप्रियाकडून कळलं, तू सगळ्या पवनचक्क्या विकायला काढल्यास. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं.

कामाचे दोन फोन सोडले तर सहा वर्षं झाली आपल्याला बोलून. अप्पांच्या वर्षश्राद्धाला तू म्हणालास, त्यांनी उभा जन्म अणुभट्टीची चाकरी केली आणि तिचा कचरा नातवंडांच्या गळ्यात बांधून गेले. मी म्हणाले, तुझा वारा म्हणजे लहरी पाहुणा. संध्याकाळी शहर दिवे लावतं तेव्हा तो पडला, तर तू काय तोंडाने फुंकणार? तू भरल्या ताटावरून उठलास. अणुविजेवरचा माझा विश्वास आजही तसाच आहे, हे लपवत नाही. पण त्या दिवशी आपण दोघे एकमेकांवर ओरडत होतो आणि ज्यांनी दोन्ही नीट चालवायचं, ते कुठेच नव्हते.

गेल्या वर्षीच्या आडी महिन्यातली, ऐन जुलैतली ती दुपार तुला आठवत असेल. तुमच्याकडे वारा भरात होता आणि उत्तरेला वीज आणणाऱ्या वाहिन्या तुडुंब. नवी वाहिनी मंजूर होऊन युगं लोटली. एका सरकारने खांब रोवले, पुढच्याने मार्ग बदलला, दिल्लीने नियम बदलले. भाषणात हरित ऊर्जा, आणि आमच्या कंट्रोल रूममधून रोज चक्कीवाल्यांना फोन: थांबवा. त्या दिवशी तुझ्या पवनकेंद्राची पाळी आली. ऑपरेटरऐवजी तूच फोन उचललास.

"चक्क्या थांबवायच्या आहेत," मी म्हणाले.

"वर्षातले हेच दिवस तर माझे. अणुकेंद्राला सांग ना, थोडं कमी करा म्हणून."

"ते तसं पटकन कमीजास्त करता येत नाही. माहीत आहे तुला."

"माहीत आहे. अप्पांनीच शिकवलंय."

फोन आपटलास. पण चक्क्या थांबवल्यास.

दिवस कलताना दक्षिणेकडचं अणुकेंद्राचं एक युनिट बंद पडलं. धोका काही नव्हता, सुरक्षेसाठी आपोआप बंद होतं तसं झालं. पण इकडे अर्ध्या शहराची वीज तोडायची वेळ आली. युनिट थांबल्याने वाहिनीत मात्र एकदम जागा झाली. मी पुन्हा तुला फोन लावला. वाटलं, आता शिव्या खाणार.

"किती देऊ?" एवढंच विचारलंस.

"असेल तेवढी."

तुझ्या चक्क्या सगळ्यांच्या आधी फिरल्या. चेन्नईत दिवे राहिले आणि ते कशामुळे राहिले हे कुणाला कळलंही नाही. मला कळलं. तेव्हा तुला दोन शब्द बोलायला हवे होते, पण खोलीत सगळे होते आणि मी पुढचा फोन लावला.

पुढचं तू पेपरात वाचलंच असशील. चक्कीमालकांच्या तक्रारीवर वीज नियामक आयोगापुढे सुनावणी झाली, तुम्ही हरलात. खात्याचं म्हणणं, वारा बेभरवशाचा, म्हणून चक्क्या थांबवाव्या लागतात. पेपरात आलं नाही ते हे, की खात्याने साक्षीला मला पाठवलं होतं. मी सांगितलं, "वारा होता. रस्ता नव्हता. वाहिनी वेळेत बांधली असती तर मला तो फोन करावाच लागला नसता."

आमचाच वकील उठला. "तेनकाशीच्या कृष्णस्वामींशी तुमचं नातं काय?"

बोलणंचालणं नाही, असं म्हटलं असतं तरी ते खरंच होतं. मी म्हणाले, "सख्खा धाकटा भाऊ."

संपलं तिथेच. आयोगाच्या सदस्यांनी पेन खाली ठेवलं. नंतर जे काही बोलले ते बहिणीचं बोलणं झालं, इंजिनिअरचं नाही. तेवढं एक उत्तर टाळलं असतं तर कदाचित तुमच्या बाजूने काही लागलं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही. माझी बदली श्रीपेरुंबुदूरच्या गोदामावर झाली. गंजलेले सुटे भाग सांभाळते. भोवती झाडं बरी आहेत.

चक्क्या विकू नकोस, असं सांगायला हे पत्र नाही. दमला असशील तर विक. मीही दमले रे. सरकारवर संतापायचं म्हटलं तरी अंगात त्राण लागतं. फक्त त्या निकालाने तू मोडला असशील, तर त्यात माझा हात आहे हे तुला दुसऱ्याकडून कळू नये, एवढंच वाटलं.

शनिवारच्या गाडीने निघते, रविवारी सकाळी तेनकाशीला उतरेन. हे येणार नाहीत, गुडघा. तू घरी नसलास तर हरिप्रियाजवळ बसेन.

चारचौघांत तुला भाऊ म्हणाले, त्याचं जे व्हायचं ते झालं. पुन्हा कुणी विचारलं तरी तेच सांगेन.

तुझी,
गोदाक्का