मामाच्या हातची पाच मडकी

सोलापूर, मंगळवार

श्रीपूर मुक्कामी ती. रावजी दाजींच्या पायांशी मेहुणा इंद्रजीतचा नमस्कार पोचावा. अक्काचे गुडघे आणि आपला खोकला दोन्ही आवाक्यात असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळं ठीक, फक्त मला भुवया नाहीत. रविवारच्या लग्नापर्यंत त्या उगवणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा फोटोवाल्याला आधी कल्पना द्यावी. हे फोनवरही सांगितलं असतं, पण तुमचा फोन वाजला की अक्का स्पीकर लावते आणि मग ते अख्ख्या कॉलनीचं होतं. सौ. रेश्मा लग्नाच्या कामांसाठी उद्याच पुढं येते आहे, तिच्याबरोबर हे पत्र पाठवतो. पाकीट डिंकानं चिकटवणार आहे, वाफेवर धरल्याशिवाय उघडणार नाही.

तुम्हाला आठवत असेल, साखरपुड्यात आरोही हसत हसत म्हणाली होती, "मामा, माज्या लग्नाची मडकी तुमीच करा की." ती गंमत होती, हे मलाही कळत होतं. पण चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला घरात दळण आणण्यापलीकडं कुणी काही सांगत नाही, आणि भाचीनं सांगितलं. मला फार बरं वाटलं. आपल्याकडं बायका वाजतगाजत कुंभाराच्या दारी जातात, चाकाला हळदकुंकू लावतात आणि देवकापुढं मांडायची पाच मडकी आणतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय. तरी मी तुमच्या गावच्या संगमेश कुंभाराला फोन करून सांगितलं, यंदा तुमच्या चाकाला विश्रांती, मडकी मुलीचा मामा करणार. तो नुसता "बरं" म्हणाला. त्या "बरं"ला मी अजून घाबरतोय.

मग मी अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये अनिसा मॅडमकडं राकू शिकायला जाऊ लागलो. (मॅडम माझ्या निम्म्या वयाच्या आहेत आणि मला मामाच म्हणतात.) राकू ही जपानी रीत. भाजलेल्या भांड्याला काचेसारखा लेप द्यायचा, गॅसच्या भट्टीत ते लालबुंद करायचं आणि तसंच लांब चिमट्यानं उचलून भुसा भरलेल्या डब्यात ठेवून झाकण मारायचं. आत धूर कोंडतो आणि त्या धुरानं भांड्यावर नक्षी उठते. मॅडम लाकडाचा भुसा वापरतात. मी म्हटलं, सोलापुरात राहून भुसा कशाला, आणि शेंगांची टरफलं नि टॉवेलच्या मागावरचा सुताचा कचरा नेला. डबाही घरचाच नेला, मोठा, घट्ट झाकणाचा. (त्याच्याविषयी नंतर.)

काल सकाळी पाचही मडकी भट्टीत ठेवली. दुसरा घाणा लावायला वेळ नव्हता, मातीही नव्हती, जे काही व्हायचं ते या पाचांतच. भट्टीच्या भोकातून बघत मी उभा होतो. अर्ध्या तासानं आत फट्ट झालं. एक गेलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मामा, बूड जाड ठेवलाव, ओल ऱ्हायली आत." दुसरं चिमट्यानं बाहेर काढताच गार हवा लागून उभं चिरलं. तिसरं चिमट्यातून सुटलं, त्याबद्दल मला बोलायचं नाही. चौथं डब्यात ठेवताना सुताच्या कचऱ्यानं असा भडका घेतला की मडकं नेम चुकून डब्याच्या काठावर आपटलं आणि माझ्या भुवया जागेवर गेल्या. (टरफलांचा वास मात्र छान सुटला होता, शेजारच्या शेडमधून कोण चटणी करतंय म्हणून विचारणा झाली.)

उरलं पाचवं. या खेपेला मॅडमनी माझं मनगट धरलं. ते मडकं मी उचललं, ठेवलं, झाकण मारलं आणि वीस मिनिटं त्या डब्यासमोर उकिडवा बसून राहिलो. देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला सांगू. झाकण काढलं तर मडकं अखंड. दुधासारखं पांढरं आणि अंगभर काळ्या बारीक रेघांचं जाळं. मॅडम म्हणाल्या, असं जाळं पडावं म्हणून लोक वर्षं घालवतात. मी ते टॉवेलात गुंडाळून घरी आणलं आणि रेश्मापुढं ठेवलं. तिनं ते दिव्याखाली फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "अवो, हे तर सगळीकडनं तडकलंय. लग्नात तडकलेलं मडकं मांडत्यात व्हय?"

दाजी, दोन महिने मी त्या रेघांच्याच मागं होतो. हा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. वर त्यात पाणी भरून पाहिलं, तर तासाभरात खालचं फडकं ओलं.

असो. कार्य निर्विघ्न पार पडेल, काळजी नसावी. अक्काला नमस्कार, आरोहीला आशीर्वाद.

आपला,
इंद्रजीत

ता.क. काळजी असावी. हे वाचल्याबरोबर नारळ, टोपी-टॉवेल आणि शिधा घेऊन संगमेशकडं जावं. अक्कल माझी गेली होती, तुमची नव्हे, असं त्याला सांगावं आणि पाच मडक्यांसाठी त्याचे पाय धरावेत. माझा फोन उचलायला तो मोकळा नाही, किंवा मी तो लावलेला नाही.

ता.क. दुसरं. पाकीट चिकटवायच्या आधी संगमेशचाच फोन आला. म्हणाला, "मडकी तयार हायती. लगीन ठरलं त्याच दिशी माती मळली हुती." मी विचारलं, मग मी नको म्हणालो तेव्हा बोलला का नाहीस. तर म्हणाला, "मामाची हौस हुती, मोडू कशाला." तेव्हा वरची विनंती रद्द, पण नारळ घेऊन जाच. रविवारी बायकांच्या मागोमाग मीही त्याच्या दारी येणार आहे, आणि मडक्यांची पाटी मी डोक्यावर घेणार आहे.

ता.क. शेवटचं. डब्याविषयी नंतर म्हणालो होतो. रेश्मा पोत्यात शिवलेला जो डबा आणते आहे, तो अक्कानं आरोहीच्या रुखवतासाठी आमच्याकडं ठेवलेला मोठा स्टीलचा डबा आहे. बाहेरून मी तो चिंचेनं घासलाय. आतून तो काळा आहे आणि राहील. रेश्माला हे ठाऊक नाही. रुखवतात तो झाकण लावूनच मांडावा. आत टॉवेलात गुंडाळलेलं मडकं आहे, ते आरोहीचं. सासरी गेल्यावर उघड म्हणावं. पाणी भरू नकोस, गळतं. पण फुटलेलं नाही.